सत्कार शास्त्रज्ञाचा, प्रश्न प्रयोगशाळेच्या दाराचा

नागपुरात सत्कारांना तोटा नाही. आमच्या महालात तर नगरभवनापासून बडकस चौकापर्यंत वर्षभर कुणाचे ना कुणाचे फलक झळकत असतात. वाढदिवसाचा फलक, नियुक्तीचा फलक, परीक्षा पास झाल्याचा फलक. अलीकडे मोबाइलवर आणखी एक फलक फिरू लागला आहे. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत निवड!' वर फोटो, खाली शुभेच्छुकांची रांग. त्या माणसाने नेमकं काय शोधलं, याची एक ओळही त्यावर नसते.

आणि असा फलक आपल्या ग्रुपवर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साहेब आपले का?"

मित्रहो, हा प्रश्न कुठून येतो ते आम्हांला कळतं. ज्या समाजाला हजारो वर्षं अक्षरापासून दूर ठेवलं, तो समाज प्रत्येक यशात आपलं माणूस शोधणारच. पण आमचं स्पष्ट म्हणणं आहे की हा प्रश्न अपुरा आहे, आणि प्रस्थापितांना तो सोयीचाही आहे. आपण आडनाव शोधत बसतो, तोवर प्रयोगशाळेच्या दाराला कडी कुणी लावली हे बघायचं राहून जातं. सत्कार व्यक्तीचा होतो. विज्ञान मात्र जागा, पैसा, उपकरणं, अधिछात्रवृत्ती आणि मार्गदर्शक यांच्यातून उभं राहतं. त्या खोलीत कोण शिरू शकतं, हा खरा प्रश्न आहे. तो नीट मांडण्यासाठी आम्ही आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घेतो.

कोल्हापूरचे भौतिकशास्त्रज्ञ डॉ. चंद्रकांत लोखंडे यांचं नाव त्या दोन टक्क्यांच्या यादीत आहे. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांनी आयुष्यभर पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्म्सवर काम केलं. नंतर ते कोल्हापुरातच डी. वाय. पाटील समूहाच्या संशोधन केंद्रात गेले. त्याच विभागातले डॉ. एस. एच. पवार यांनी अतिवाहक पदार्थांवर आणि पुढे चुंबकीय नॅनोकणांवर काम केलं, ते डी. वाय. पाटील विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. या दोघांनी मिळून १९८९ साली विजेच्या साहाय्याने अर्धवाहकांचे थर चढवण्याच्या पद्धतीवर एक आढावा लेख लिहिला. तो जर्मनीतून निघणाऱ्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. २००४ साली डॉ. हबीब पठाण आणि डॉ. लोखंडे यांनी 'सिलार' नावाच्या पद्धतीवर लिहिलेला आढावा आजही जगभरचे विद्यार्थी वाचतात आणि त्याचा संदर्भ देतात.

आता हे काम काय आहे ते साध्या भाषेत सांगतो, कारण फलकावर ते कुणी सांगत नाही.

तांब्याच्या तारेतून वीज जाते तेव्हा थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. तार अडवते म्हणून. १९११ साली हॉलंडच्या कामरलिंग ओन्स यांना दिसलं की पारा उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केला की त्याचा हा अडथळा एकाएकी शून्य होतो. यालाच अतिवाहकता म्हणतात. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राच्या पोटात जे चुंबक असतं, ते बहुतेक वेळा अशाच अतिवाहक तारेचं असतं आणि ते द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवतात. हेलियम महाग, ते सांभाळणारी यंत्रणा त्याहून महाग. १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी दाखवलं की तांब्याची काही ऑक्साइडं यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानालाही अतिवाहक होतात. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. त्याच १९८७ साली यट्रियम, बेरियम आणि तांबे यांचं ऑक्साइड द्रव नायट्रोजनच्या तापमानालाही अतिवाहक राहतं हे सिद्ध झालं. द्रव नायट्रोजन हेलियमच्या मानाने फारच स्वस्त. त्यामुळे जगातल्या छोट्या प्रयोगशाळांनाही या क्षेत्रात पाऊल टाकता आलं.

कोल्हापूरने पाऊल टाकलं ते इथे. मोठ्या संस्थांत असे थर बनवायला निर्वात कक्ष लागतात, लेझर लागतात, कोट्यवधींची यंत्रं लागतात. कोल्हापूरच्या मंडळींनी रसायनाचा रस्ता धरला. आपल्या इतवारीच्या सराफ्यात दागिन्याला मुलामा चढवतात ते सगळ्यांनी पाहिलं असेल. क्षार विरघळवलेल्या द्रवात वस्तू बुडवायची, वीज सोडायची, धातूचा थर चढतो. याच तत्त्वाने पारा, बेरियम, कॅल्शियम, तांबे अशा धातूंचा मिश्र थर चढवायचा आणि मग त्यात ऑक्सिजन शिरवून अतिवाहक तयार करायचा, असं काम पवार यांच्या गटाने केलं. सिलारमध्ये तर वीजही लागत नाही. काचेची पट्टी एका द्रावणात बुडवा, धुवा, दुसऱ्या द्रावणात बुडवा, पुन्हा धुवा. प्रत्येक फेरीला अतिशय पातळ थर वाढतो. फेऱ्या मोजून थराची जाडी नॅनोमीटरच्या हिशेबात ठरवता येते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. चार चंचुपात्रं आणि भरपूर धीर, एवढ्या भांडवलावर हे विज्ञान उभं राहतं.

म्हणूनच आम्हांला या कामाचं मोल जास्त वाटतं. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला विज्ञान करता येत नाही, हा समज या बाकावर मोडला गेला.

आता मुद्द्याकडे येऊ. शिवाजी विद्यापीठ हे राज्याचं विद्यापीठ आहे. १९६२ साली ते सुरू झालं. तिथे प्रवेशाला आरक्षण आहे, पदांना आरक्षण आहे. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्या कोल्हापुरात ते उभं आहे. आम्ही इथे कुणा व्यक्तीची जात सांगत नाही आणि विचारतही नाही. आम्ही संस्थेचा नियम सांगतो आहोत. आरक्षण आलं की गुणवत्ता बुडते असं जे सकाळ-संध्याकाळ सांगतात, त्यांना आमचा साधा सवाल आहे: मग आरक्षण पाळणाऱ्या, निधीसाठी झगडणाऱ्या, जिल्ह्याच्या गावातल्या विद्यापीठाचं भौतिकशास्त्र जगाच्या यादीत कसं पोचलं?

हा सवाल हवेत नाही. त्याला कायद्याचा संदर्भ आहे, आणि तो आपल्या फार कमी कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

२०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला की प्राध्यापकांच्या आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ नव्हे, तर एकेक विभाग हा घटक धरावा. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसं पत्र काढलं. यालाच तेरा बिंदूंची बिंदुनामावली म्हणतात. तिच्यात चौथी जागा ओबीसीला, सातवी अनुसूचित जातीला आणि चौदावी अनुसूचित जमातीला. हिशेब करून बघा. एखाद्या भौतिकशास्त्र विभागात सहाच पदं असतील, तर तिथे पहिल्या सहा नेमणुकांत अनुसूचित जातीचा प्राध्यापक आरक्षणातून येणार नाही. आदिवासीचा तर विषयच नाही. याविरुद्ध देशभर आंदोलन झालं, आणि त्या रेट्यामुळे मार्च २०१९ मध्ये अध्यादेश आला, नंतर त्याच वर्षी संसदेने कायदा केला. पुन्हा पूर्ण संस्था हा घटक झाला. आपण गुलाल उधळला.

पण त्या कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. ज्या 'उत्कृष्टतेच्या' आणि 'राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या' संस्थांना हा कायदा लागू होणार नाही, त्यांची यादी त्यात दिली आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था तिच्यात आहे. होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या छत्राखालची भाभा अणुसंशोधन केंद्रासारखी केंद्रं आहेत. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या आरक्षणाचा २००६ चा कायदा काढून बघा, त्यातही अशाच संस्थांना सूट आहे. म्हणजे शिकायला जाणारा विद्यार्थी आणि शिकवणारा प्राध्यापक, दोन्ही बाजूंनी कडी लावलेली.

देशातलं अतिवाहकतेचं आणि नॅनोचं सर्वांत गाजलेलं काम मोठ्या प्रमाणावर याच दारांमागे होतं. बंगळुरूच्या त्या केंद्राचे संस्थापक डॉ. सी. एन. आर. राव. त्यांचं अतिवाहकांवर काम आहे, नॅनो पदार्थांवर आहे, आणि २०१४ साली सचिन तेंडुलकरबरोबर त्यांना भारतरत्न देण्यात आलं. कुलाब्याच्या टाटा संस्थेत १९९० च्या दशकात यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात अतिवाहकता सापडली, आणि त्यातून जगभर एका नव्या पदार्थकुळाचा अभ्यास सुरू झाला. त्याच संस्थेत डॉ. एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ हा अतिवाहक होतो हे दाखवलं. त्यासाठी त्यांना केवळ शून्य पूर्णांक त्रेपन्न शतांश मिलिकेल्विन एवढं, निरपेक्ष शून्याला टेकलेलं तापमान गाठावं लागलं. 'सायन्स' या नियतकालिकाने तो शोध छापला. हे काम मोठं आहे. ते छोटं दाखवण्यात आम्हांला रस नाही. उलट आम्ही म्हणतो, ते एवढं मोठं आहे म्हणूनच त्या दारातून आपली मुलंमुली आत गेली पाहिजेत. जे फुटकळ असतं, त्यात वाटा मागायला कुणी लढत नाही.

कुणी म्हणेल, "मूलभूत संशोधनात फक्त बुद्धी बघितली जाते, तिथे जात येतेच कुठे?" आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी आहोत, आम्हांला ती येताना दिसते. टाटा संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, हेच आपल्या वस्तीतल्या बीएस्सीच्या मुलाला कळत नाही. ज्याच्या घरात कुणी प्राध्यापक आहे, त्याला ते अकरावीतच कळतं. कोणत्या प्राध्यापकाला ईमेल करायचा, उन्हाळ्यात कुठल्या प्रयोगशाळेत दोन महिने राहायचं, शिफारसपत्र कुणाचं चालतं, हे सगळं घराण्याबरोबर येतं. यालाच सांस्कृतिक भांडवल म्हणतात. या भांडवलावर उभ्या राहिलेल्या यशाला 'शुद्ध गुणवत्ता' म्हणायचं आणि आपल्या हक्काच्या जागेला 'सवलत' म्हणायचं, ही चलाखी जुनी आहे.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नागपुरात १०८ वी इंडियन सायन्स काँग्रेस भरली. विद्यापीठाचं शताब्दी वर्ष होतं, पंतप्रधानांनी दूरदृश्य माध्यमातून उद्घाटन केलं, शहरभर कमानी लागल्या. त्याच महिन्यात 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकाने भारतीय विज्ञानातल्या जातिव्यवस्थेवर आकडेवारीसह मोठा लेख छापला. पदवीपासून प्राध्यापकपदापर्यंत पायऱ्या चढत गेलं की दलित आणि आदिवासी कसे कमी कमी होत जातात, हे त्यात मांडलं होतं. नागपुरातल्या वर्तमानपत्रांची पानंच्या पानं कमानींनी भरली होती. त्या लेखावर आपल्या चौकाचौकांत बोलणं व्हायला हवं होतं.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत जास्त खटकतं ते एक नाव. त्या परिशिष्टातल्या सूट मिळालेल्या संस्थांत कोलकात्याची साहा अणुभौतिकी संस्था आहे. मेघनाद साहा कोण होते? १८९३ साली ढाक्याजवळच्या खेड्यात, छोट्या दुकानदाराच्या घरात, खालच्या मानलेल्या जातीत जन्मलेले. कलकत्त्याच्या हिंदू वसतिगृहात त्यांना सवर्ण मुलांच्या पंगतीला जागा नव्हती. १९२० साली, म्हणजे बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला आणि माणगावची परिषद झाली त्याच साली, साहांचं आयनीभवनाचं समीकरण प्रसिद्ध झालं. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचं तापमान वाचण्याची किल्ली त्या समीकरणाने जगाला दिली. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून आले. दामोदर खोऱ्याच्या पुरानंतर नेमलेल्या चौकशी समितीत साहा होते, आणि त्या खोऱ्याच्या विकासाची योजना पुढे नेणारे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले श्रममंत्री होते बाबासाहेब. पंगतीतून उठवलेली दोन माणसं एकाच नदीला बांध घालण्याचा विचार करत होती.

आज त्या साहांच्या नावाच्या संस्थेला आरक्षणातून सूट आहे. नाव ठेवलं, पुतळा ठेवला, जयंती ठेवली. ज्या वाटेने तसा मुलगा येईल, ती वाट कायद्याने मोकळी केली नाही. सत्कार आणि दार यांतला फरक याहून स्पष्ट कसा सांगणार?

म्हणून फलकांबद्दल थोडं बोलायला हवं. ती दोन टक्क्यांची यादी पुरस्कार नाही. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी शोधनिबंधांना मिळालेल्या संदर्भांची मोजणी करून ती तयार करतात. कुणी अर्ज करत नाही, कुठली समिती बसत नाही. लेखकाने स्वतःच्याच निबंधांना दिलेले संदर्भ धरून आणि वगळून, असे दोन्ही हिशेब तिच्यात असतात. तिचा उपयोग आहे, पण ती एकट्या माणसाचं काम मोजते. त्याच्या हाताखाली किती विद्यार्थी घडले, त्यातले किती पहिल्या पिढीतले, किती मुली, किती जण फी भरता न आल्यामुळे अर्ध्यावर सोडून गेले, हे कुठलीच यादी सांगत नाही. ते मोजायचं काम आपलं आहे.

आणि आपल्या चळवळीलाही दोन शब्द. वस्त्या-वस्त्यांतल्या आपल्या अभ्यासिका पोलीस भरती, तलाठी आणि एमपीएससीच्या पुस्तकांनी भरलेल्या आहेत. नोकरी हवी, त्यात वाद नाही, पोट आधी. पण बाबासाहेबांनी कोलंबिया आणि लंडनला जाऊन जे केलं ते संशोधन होतं, हे आपण दर १४ एप्रिलला भाषणात सांगतो आणि १५ एप्रिलला विसरतो. महालाला लागून असलेल्या गांधीसागर तलावाकाठी रमण विज्ञान केंद्र आहे. शाळेची सहल तिथे जाते, मुलं डोळे विस्फारून यंत्रं बघतात. त्यातल्या एखाद्या मुलीला "हे मी करू शकते" असं वाटलं, तर पुढची पायरी तिला कोण दाखवणार?

आमच्या मागण्या सरळ आहेत. एक, २०१९ आणि २००६ च्या कायद्यांतली सूट देणारी परिशिष्टं रद्द करा. ज्या संस्था जनतेच्या करातून चालतात, त्यांना जनतेपासून सूट असू शकत नाही. दोन, राज्य विद्यापीठांतली रिकामी पदं भरा. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला पुढच्या महिन्याच्या भाड्याची चिंता असते. तो चार वर्षं चालणारा प्रयोग कसा हाती घेणार? तीन, बार्टीची अधिछात्रवृत्ती वेळेवर आणि पूर्ण द्या. २०२३ साली संशोधक विद्यार्थ्यांना तिच्यासाठी आझाद मैदानात बसावं लागलं. जो रस्त्यावर बसतो तो त्या दिवशी प्रयोगशाळेत नसतो. चार, हे सरकारसाठी नाही, आपल्यासाठी आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा दरवर्षी बाजूला काढा. त्यातून वस्तीतल्या बीएस्सीच्या मुलामुलींचे जॅम, गेट, नेट आणि टाटा संस्थेच्या परीक्षेचे अर्ज भरा, त्यांना एखाद्या विद्यापीठाची प्रयोगशाळा दाखवून आणा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात किती अर्ज भरले जातील, हा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतः करावा.

पुढच्या वेळी ग्रुपवर एखाद्या शास्त्रज्ञाचा फोटो आला, तर अभिनंदन जरूर करा. त्याने काय शोधलं ते वाचा आणि मुलांना समजावून सांगा. मग "साहेब आपले का?" असं विचारू नका. "त्यांच्या प्रयोगशाळेत या वर्षी किती जागा आहेत, आणि आपल्या वस्तीतून किती अर्ज गेले?" असं विचारा.

जय भीम.